चांद्याचा पिंपळ, हार्लेमचे दफ्तर

दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचा दरवाजा, जो एरवी कैद्यांच्या नातलगांखेरीज सहसा कोणासाठी उघडत नाही, तो सामान्य माणसांसाठी उघडतो. आणि जुन्या गोंडकालीन किल्ल्याच्या आवारातील एका पिंपळापाशी, कुणी राजुऱ्याहून, कुणी अहेरीहून, कुणी जिवतीच्या पहाडावरून आलेली, गळ्यात पिवळे दुपट्टे घातलेली माणसे रांगेने येतात, फुले वाहतात, ‘जय सेवा’ म्हणतात आणि परतण्यापूर्वी क्षणभर मान वर करून फांद्यांकडे पाहतात. याच पिंपळावर १८५८ साली याच तारखेला बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्यांचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

अहेरीच्या मुलखातील किष्टापूर हे त्यांचे जन्मगाव, आणि १२ मार्च १८३३ ही जन्मतारीख. नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा (म्हणजे आजचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजी अमलाखाली आल्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तोच या तरुण जमीनदाराने गोंड, माडिया व इतर रयतेतील माणसे जमवून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. नांदगाव-घोसरी येथे सरकारी फौजेशी लढाई झाली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या छावणीवर रात्री छापा पडून गार्टलँड व हॉल हे दोघे कामगार मारले गेले, आणि तिसरा, पीटर, निसटला. मग डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांच्याकरवी बाबूरावांना पकडवले. ही हकिकत इतक्या तपशिलाने आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः इंग्रजांच्या दफ्तरामुळे, म्हणजे ज्यांनी फाशी दिले त्यांनीच लिहून ठेवलेल्या कागदांमुळे; आणि जे त्या कागदांत नाही, ते एटापल्ली-भामरागडकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी गाण्यांत आणि गोष्टींत अजून आहे.

गेल्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्या रांगेत माझ्यापुढे दोन महाविद्यालयीन मुली उभ्या होत्या. त्यांतील एक एटापल्ली तालुक्यातील माडिया मुलगी, चंद्रपुरात वसतिगृहात राहून पदवीचा अभ्यास करणारी. तिच्या हाती एक शंभर पानी वही होती आणि पिंपळापाशी येणाऱ्या वयस्क माणसांना ती त्यांचे गाव आणि त्यांच्या घरात बाबूरावांबद्दल काय सांगतात हे विचारून लिहून घेत होती. तिचे नाव मी येथे देत नाही. तिनेच तसे सांगितले आहे. बोलता बोलता कळले की आदल्या फेब्रुवारीत तिच्या वर्गाने इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या सांगण्यावरून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर एक भित्तिपत्रक केले होते. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, ओबामा यांची छायाचित्रे संगणकावरून छापून घेतली, भोवती रंगीत कागदाची चौकट केली, प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि आठ दिवसांनी त्याच फळ्यावर परीक्षेचे वेळापत्रक लागले. “सर,” ती म्हणाली, “चित्रं चांगली होती. पण मी तेव्हापासून विचार करतेय, हे लोक आपले काय लागतात?”

मराठीत ‘काय लागतात’ हा प्रश्न नात्याचा आहे. तो लग्नमंडपात विचारतात, मर्तिकाच्या घरी विचारतात. एखाद्या समाजाच्या इतिहासाचा सन्मान विद्यार्थ्यांनी कसा करावा, या विषयावर परिपत्रके पुष्कळ निघतात, व्याख्याने होतात. परंतु या मुलीने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर दिल्यावाचून सन्मानाचा प्रत्येक कार्यक्रम फळ्यावरील चौकटीइतकाच टिकणार, असे मला त्या पिंपळाखाली वाटले. पुढे वर्षभर मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हिंडलो तो बहुतांशी त्या एका प्रश्नाच्या मागे.

नाते पहिल्यांदा सापडते ते कापसात आणि कोळशात. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांतून येई, आणि तो वेचणाऱ्या हातांत गुलामांचे हात मोठ्या संख्येने होते. त्या वर्षीच्या शिरगणतीत अमेरिकेत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात भरली. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडावर व वर्धा नदीच्या खोऱ्यावर पडली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव साता समुद्रांपार गेले, भाव चढले, मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी खास कापूस कमिशनर म्हणून नेमला गेला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि पुढील दशकात त्याचा एक फाटा वर्ध्याहून आमच्या वरोऱ्यापर्यंत आला, कारण वरोऱ्यास सरकारने कोळशाची खाण उघडली होती. म्हणजे अलाबामा-मिसिसिपीच्या मळ्यांतील माणसांच्या मुक्तीसाठी जी लढाई झाली, तिच्या धक्क्याने या जिल्ह्याची जमीन, तिचे पीक आणि तिच्या पोटातला कोळसा हे सारे जागतिक बाजाराच्या हिशेबात आले. आणि युद्ध संपून १८६५ नंतर भाव कोसळले तेव्हा कर्ज ज्यांच्या अंगावर राहिले ते आमचे शेतकरी होते. हा धडा शालेय पुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रकरणांत, एक अमेरिकेच्या आणि एक विदर्भाच्या, विभागून येतो, आणि त्यामुळे दोन्हींचा जीव जातो.

कोळशाचे नाते मला याहून जवळचे वाटते, कारण ते एका माणसाच्या आयुष्यातून येते. अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखण्याची जी प्रथा आज आहे, तिचे मूळ ज्यांनी घातले ते कार्टर वूडसन १८७५ मध्ये व्हर्जिनियात, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मले. शाळेत सलग जाण्याची ऐपत नव्हती. म्हणून वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत त्यांनी सुमारे सहा वर्षे काम केले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार होता, यादवी युद्धात लढलेला, स्वतःस वाचता न येणारा. परंतु त्याने आपल्या घरी कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके जमवली होती, वर्तमानपत्रे लावली होती, आणि कामावरून आलेले खाणकामगार त्याच्याकडे फराळपाण्यास जमत. त्याने तरुण वूडसनला सांगितले की तू आम्हाला वाचून दाखव, तुझ्या खाण्याचे पैसे घेणार नाही. दिवसभर कोळसा उपसून आलेली ती माणसे ऐकत, मध्येच थांबवत, आपण स्वतः पाहिलेल्या लढाया आणि मळ्यावरचे दिवस सांगत. आणि वाचणारा मुलगा, ज्याला आपण शिकलेले आहोत असे वाटत असावे, तो त्या निरक्षर माणसांकडून इतिहास शिकत होता. पुढे विसाव्या वर्षी तो माध्यमिक शाळेत गेला, १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत पहिला इतिहास-सप्ताह पाळला. त्याचा महिना व्हावा ही मागणी पुढे १९६९ मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी केली आणि १९७० मध्ये तो तेथे साजराही केला. राष्ट्राध्यक्षांनी त्याची दखल घेतली ती १९७६ मध्ये.

घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर येथील खाणकामगारांच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली आहे. ती सांगताना मुले कान टवकारतात ती हार्वर्डपाशी नव्हे, तर जोन्सच्या घराशी. पाळी संपवून काळ्या हातांनी घरी येणारा बाप त्यांनी रोज पाहिला आहे. पण त्या बापाजवळ इतिहास असतो असे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नसते.

फेब्रुवारीच का, याचेही उत्तर या प्रदेशातील विद्यार्थ्याने ऐकण्याजोगे आहे. वूडसन यांनी तो आठवडा निवडला कारण त्यात लिंकन यांचा जन्मदिवस १२ तारखेस येतो आणि फ्रेडरिक डग्लस यांचा १४ तारखेस पाळतात. ‘पाळतात’ हा शब्द मी जाणून वापरला. गुलामगिरीत जन्मलेल्या डग्लस यांना आपली जन्मतारीख कधीच कळली नाही. तो दिवस त्यांनी स्वतः ठरवून घेतला. आमच्या आश्रमशाळांच्या दाखलखारीज रजिस्टरात पाने उलटत जावे तो १ जून, १ जून, १ जून अशी जन्मतारीख ओळीने येत जाते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहून टाकलेली असते. वही घेऊन आलेल्या त्या मुलीच्या वडिलांचा जन्मही कागदोपत्री १ जूनचा आहे. आजी मात्र सांगते की मोहाची फुले वेचून घरी आले त्या रात्री तो झाला. म्हणजे चैत्राच्या आसपास.

ग्रंथांतून आलेले नाते सर्वांस अधिक परिचित आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहितो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून, अवघ्या आठ वर्षांपूर्वी संपलेल्या त्या युद्धात त्यांनी आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांचे भविष्य पाहिले, यापरते नाते ते कोणते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी शेजारी, शिकत होते; १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे धाडावयाच्या निवेदनाची माहिती मागवली, आणि डू बॉइस यांनी त्याच जुलैत आपुलकीचे उत्तर पाठवले. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या याच चांदा शहरात बाबासाहेबांनी पुन्हा दीक्षा दिली. चांद्याच्या दीक्षेचा तो दिवस आणि पिंपळाचा हा दिवस यांत अवघे पाच दिवसांचे अंतर आहे, तेव्हा ऑक्टोबरचा तो आठवडा आमच्या चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांनी आपला इतिहास-सप्ताह म्हणून पाळावा, असे मला मनापासून वाटते. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर स्थापन केली, ती १९६६ मध्ये ओकलंडला उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरचे नाव आपले मानून; आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती मराठी वाचकांपुढे ग्रंथरूपाने ठेवली. १९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले तेही याच जागृतीच्या लाटेतले.

परंतु वसतिगृहांतून हिंडताना ज्या एका पुस्तकाच्या प्रती मला पुठ्ठे सुटलेल्या, पुनःपुन्हा चिकटवलेल्या स्थितीत आढळल्या, ते वीणा गवाणकर यांचे १९८१ मधील ‘एक होता कार्व्हर’. तान्हेपणी आईसह पळवून नेलेले, मालकाने घोडा देऊन परत मिळवलेले आणि आई मात्र पुन्हा कधीही न पाहिलेले ते मूल पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत येते आणि कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, चवळी पेरावयास गोरगरीब शेतकऱ्यांना शिकवते, प्रसंगी घोडागाडीत अवजारे घालून त्यांच्या दारी जाते. कोरपना-राजुऱ्याकडील कापूस पिकवणाऱ्या घरातला एक मुलगा मला म्हणाला की हे पुस्तक वाचल्यावर त्याने बापाशी भांडून दोन एकरांत कापसाऐवजी हरभरा-तूर घेतली. कार्व्हर यांच्या तसबिरीला हार घालणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत. पण त्या दोन एकरांइतका त्या माणसाचा सन्मान मला दुसरीकडे आढळला नाही.

एक नाते तर मराठी मुलखाच्या अगदी अंगणात आहे आणि तरी आपण ते परके मानतो. मलिक अंबर हा हबशी, म्हणजे इथिओपियात जन्मलेला. गुलाम म्हणून अनेक हातांतून विकला जाऊन दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी शहर, जे पुढे औरंगाबाद झाले, त्याने वसवले. तेथे नहरींनी पाणी खेळवले. त्याची जमाबंदी महाराष्ट्राच्या महसुली परंपरेत पिढ्यानपिढ्या आठवणीत राहिली. मोगलांना गनिमी काव्याने त्याने जेरीस आणले तेव्हा मराठे सरदार त्याच्या बरोबरीने लढत होते. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. आफ्रिकेच्या पुत्राने घडवलेल्या कारभाराची फळे ज्या मुलखाने खाल्ली, त्या मुलखातील मुलांनी आफ्रिकेच्या इतिहासाला परदेशी विषय समजू नये.

आता मला एक प्रसंग सांगावयाचा आहे, जो सांगताना आजही जड वाटते. काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास मी पाहुणा म्हणून गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ होते. रंगमंचामागे एक शिक्षिका वाटीत काजळी आणि खोबरेल तेल कालवून मुलांच्या गालांना, दंडांना, पोटऱ्यांना फासत होत्या. कमरेस पळसाची पाने, डोक्यास मोरपिसे, हातात पुठ्ठ्याचे भाले. गाण्यात शब्द नव्हते, नुसते अर्थहीन हुंकार होते. रांगेत नऊ-दहा वर्षांचा एक माडिया मुलगा उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि गाल पुढे केला. डोळे मात्र मिटून घेतले. ज्या मुलाच्या गावी ढोलाच्या ठेक्यावर रात्र रात्र चालणारे रेला नृत्य आहे, ज्यातील प्रत्येक पावलास आणि ओळीस अर्थ आहे, त्याला त्याच्याच नावाने हे नाचावयाचे होते. त्या बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. आणि मी, जो पाहुण्याच्या खुर्चीवर बसलो होतो, मीही त्या दिवशी काही बोललो नाही.

अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटके कपडे घालून ‘जिम क्रो’ नावाच्या कृष्णवर्णीयाचे सोंग आणीत असे. प्रेक्षक हसत. पुढे त्या सोंगाचे नाव गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांच्या संपूर्ण व्यवस्थेलाच चिकटले, आणि ते कायदे १९६० च्या दशकापर्यंत चालले. रंगमंचावरील काजळी आणि कायद्याच्या पुस्तकातील शाई यांच्यात किती थोडे अंतर असते, हे त्या इतिहासाने दाखवले आहे. आपल्या स्नेहसंमेलनांतून आफ्रिकन म्हणून आणि आदिवासी म्हणून जे सोंग येते ते एकच असते, काजळीची वाटीही एकच असते. म्हणून एकाचा सन्मान करावयाचा तर दुसऱ्याचा अपमान थांबवावाच लागतो. विद्यार्थी हे करू शकतात. धानोरा तालुक्यातील एका शाळेत यंदा मुलांनीच आग्रह धरला, गावातील ढोल वाजवणाऱ्या दोघा वृद्धांना बोलावून घेतले, आणि त्यांनी सांगितले तसे, साध्या लुगड्या-धोतरांत, तोंड न रंगवता नृत्य केले. लांबले म्हणून बक्षीस समारंभ उशिरा झाला. कोणाची तक्रार नव्हती.

काजळीनंतर नावाचा प्रश्न येतो. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची जी वेगळी यादी झाली तीत मालकाचे नाव आहे, गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण आहे, नाव नाही. त्या समाजाने पुढे स्वतःस काय म्हणावे याचा शंभर वर्षे ऊहापोह केला; फुल्यांनी आणि वाघमाऱ्यांनी वापरलेला ‘निग्रो’ हा शब्द त्यांच्या काळी सभ्य होता, आज त्या समाजाने तो टाकला आहे, आणि ज्याचे नाव त्याने ठरवावे हा न्याय मानून आपणही तो जुन्या ग्रंथांच्या संदर्भापुरता ठेवावा. इकडे गोंड हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. ते स्वतःस कोया किंवा कोईतूर म्हणतात. आश्रमशाळेत आल्यावर माडिया मुलांची नावे उच्चारण्यास सोयीची करून घेण्याची वहिवाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर्गातील सोबत्याचे खरे नाव विचारून ते नीट उच्चारावयास शिकणे, हे काम कोणत्याही विद्यार्थ्यास उद्या सकाळी करता येईल.

आणि नावापाठोपाठ दफ्तराचा प्रश्न येतो. आर्तुरो शॉम्बर्ग हे पोर्तो रिकोत जन्मलेले गृहस्थ. लहानपणी त्यांना एका शिक्षकांनी सांगितले की काळ्या माणसांना इतिहास नसतो. त्यांनी जन्मभर पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके गोळा केली. १९२६ मध्ये, म्हणजे वूडसन यांच्या पहिल्या सप्ताहाच्याच वर्षी, तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील शाखेसाठी विकत घेतला गेला, आणि आज जगभरचे अभ्यासक त्या दफ्तरात बसून काम करतात. पुढे १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-योजनेतील माणसे गुलामगिरी स्वतः भोगलेल्या, आता ऐंशी-नव्वदीत असलेल्या वृद्धांकडे गेली आणि तेवीसशेहून अधिक जबान्या लिहून आणल्या. त्यांत उणिवा आहेत. लिहिणारे बहुधा गोरे होते आणि सांगणारे त्यांच्यापुढे दबून बोलत. पण दहा वर्षे आणखी लोटली असती तर ते तोंडचे शब्द कायमचे गेले असते.

आमच्याकडेही तोंडी इतिहास सांभाळणारी माणसे आहेत. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. कोणत्या सगाचे (कुळगटाचे) कोणते पेन (दैवत), कोणते कूळ कोठून आले, राजे कोण, हे सारे किकरी या तंतुवाद्याच्या साथीने सांगणारे, जसे पश्चिम आफ्रिकेत ग्रिओ नावाचे भाट कोरा हे तंतुवाद्य छेडीत राजवंशांच्या पिढ्या गातात. किकरी वाजवणारे हात आता थोडे उरले आहेत. आणि गोंडी भाषा, जी २०११ च्या शिरगणतीप्रमाणे जवळजवळ तीस लाख लोक बोलतात, ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेले; मुलाने पहिले अक्षर आपल्या आईच्या भाषेत गिरवावे ही घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदातील अपेक्षा त्या खेड्याने सरकारच्या आधी मनावर घेतली, याबद्दल मला त्या ग्रामसभेविषयी नितांत आदर आहे.

म्हाताऱ्या माणसांचे ऐकून घेणे हे या अरण्यात केवळ सौजन्य नव्हे, ही गोष्ट बाहेरच्या वाचकास कदाचित ठाऊक नसेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत सातबारा, नकाशे, सरकारी अभिलेख यांच्याबरोबर, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन हाही एक पुरावा मानला आहे. म्हणजे आजी जे सांगते की या नाल्याच्या पलीकडे आम्ही मोह वेचीत असू, तेथे आमचे पेनठाणे होते, ते कोणी नीट लिहून घेतले तर सरकारदरबारी दाखल होऊ शकते. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो एका दिवसात नव्हे. त्याआधी वीस वर्षे त्या गावाने अभ्यासगट चालवले होते, ज्यांत शिकलेला-अडाणी असा भेद न करता मंडळी गोल बसून एकेक विषय फोडीत आणि सर्वांचे एकमत झाल्यावरच निर्णय घेत. इतिहासाचा सन्मान करण्यासाठी आमच्या महाविद्यालयांना नमुना हवा असेल तर तो धानोऱ्याच्या रस्त्यावर आहे.

मार्चच्या अखेरीस त्या मुलीच्या गावी मी तिच्याबरोबर गेलो. एटापल्लीपासून पुढे काही अंतर मोटार, मग पायवाट. अंगणात चटईवर मोहफुले वाळत घातली होती आणि त्यांचा दाट गोड वास घरभर होता. या फेब्रुवारीत तिने आणि तिच्या मैत्रिणींनी नवे भित्तिपत्रक केले होते: एका बाजूस वूडसन आणि जोन्सचे घर, दुसऱ्या बाजूस घुग्घुसच्या तीन निवृत्त खाणकामगारांच्या मुलाखती आणि पिंपळापाशी उतरवून घेतलेल्या वहीतील सात हकिकती, प्रत्येकाखाली सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. ते उतरवले तेव्हा तिने फेकले नाही. गुंडाळून गावी आणले होते. आजीपुढे तिने ते उलगडले आणि माडियात समजावून सांगू लागली. मला शब्द कळत नव्हते. चित्रावर फिरणारे बोट कळत होते. जोन्सपाशी ती बराच वेळ थांबली.

आजीने काही विचारले. मुलगी हसली आणि मला म्हणाली, “आजी विचारते, त्या बाबाला वाचता येत नव्हतं तर त्या पोरानं वाचून दाखवलं. तू एवढी शिकलीस, मला काय वाचून दाखवलंस?”

मी काय उत्तर देणार? मुलगीही काही बोलली नाही. ती आत गेली, आढ्याला टांगलेल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून घेऊन आली. तो ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा मसुदा होता, मराठीत, कार्यालयीन भाषेत लिहिलेला. अंगणात अजून उजेड होता. ती आजीच्या शेजारी चटईच्या कडेला बसली आणि एकेक वाक्य वाचून त्याचे माडियात भाषांतर करू लागली. चौथ्या की पाचव्या ओळीला आजीने तिचे मनगट धरून थांबवले. नाल्याचे नाव चुकले होते. आजीने खरे नाव सांगितले, दोनदा. मुलीने वहीतून पेन्सिल काढली, मसुद्यातील नाव खोडले, आणि वर, ओळीच्या मधल्या जागेत, आजी म्हणाली तसे लिहिले.